'पुयो पुयो' : एका कोडेखेळाचे पाठभेद आणि त्यांतील अप्रकट अंश

एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती समोर ठेवून त्यांतील पाठांची तुलना करणे, हा भाषाभ्यासाचा जुना व मानाचा मार्ग होय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभून १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हे त्याचे सर्वांत थोर उदाहरण म्हणावयास हरकत नाही. ह्या मार्गाची साधने केवळ पोथ्यांपुरतीच उपयोगी आहेत, असा समज मात्र रूढ झालेला दिसतो. वस्तुतः जेथे एकच कृती अनेक प्रांतांत अनेक रूपांनी वावरते, जेथे काही अंश प्रकट व काही अप्रकट राहतो, आणि जेथे 'मूळ कोणते' असा प्रश्न उद्भवतो, तेथे तेथे ही साधने लावून पाहण्याजोगी आहेत. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांसाठी, म्हणजेच आर्केडसाठी, तयार झालेले जपानी कोडेखेळ हे असेच एक क्षेत्र आहे. त्यांतील 'पुयो पुयो' ह्या खेळाच्या पाठपरंपरेचा विचार येथे करावयाचा आहे.

खेळाची ओळख थोडक्यात करून देणे अवश्य आहे. हिरोशिमा येथील कंपाइल ह्या कंपनीने हा खेळ प्रथम १९९१ साली घरगुती संगणकासाठी व निन्टेंडोच्या यंत्रासाठी काढला. १९९२ साली सेगा कंपनीच्या साहाय्याने तो आर्केडमध्ये आला आणि तेथेच त्याला खरी कीर्ती लाभली. काझुनारी योनेमित्सु हे त्याचे रचनाकार. सहा घरे रुंद व बारा घरे उंच अशा चौकटीत रंगीत, मऊ, डोळे असलेले गोळे जोडीजोडीने वरून पडतात. एकाच रंगाचे चार वा अधिक गोळे एकमेकांस लागले की ते नाहीसे होतात. त्यांच्या जाण्याने वरचे गोळे खाली घसरून पुन्हा चार जमले तर साखळी होते. साखळी जितकी लांब, तितके अधिक बिनरंगी गोळे प्रतिस्पर्ध्याच्या चौकटीत जाऊन पडतात. हे गोळे आपसांत जुळत नाहीत. शेजारचा रंगीत समूह फुटला तरच तेही फुटतात. त्यांनी चौकट भरून गेली की खेळ संपला. नियम एवढेच. परंतु ह्या नियमांभोवती नावे, पात्रे व संवाद ह्यांचे जे आवरण आहे, ते प्रांतोप्रांती बदलत गेले. आणि तेच येथे अभ्यासाचा विषय आहे.

अप्रकट अंश म्हणजे काय, हे आधी निश्चित केले पाहिजे. गेल्या काही दशकांत हौशी अभ्यासकांनी अनेक खेळांच्या आज्ञावली उघडून त्यांतील न दिसणारी चित्रे, शब्द व ध्वनी ह्यांच्या याद्या केल्या आहेत. हे काम परिश्रमाचे व मोलाचे आहे; हस्तलिखितांच्या सूची करणाऱ्यांच्या कामाशी त्याची तुलना करता येईल. तथापि ह्या याद्यांत भिन्न प्रकृतीचे अंश एकाच 'गुप्त' ह्या नावाखाली येतात, आणि त्यामुळे त्यांचे मूल्यमापन नीट होत नाही. त्यांचे निदान तीन वर्ग करावे लागतील.

पहिला वर्ग 'गूढ' अंशांचा. हा कर्त्याने बुद्ध्याच लपविलेला असतो आणि चतुर वाचकास तो सापडावा अशीच कर्त्याची इच्छा असते. अटारी कंपनी आपल्या रचनाकारांची नावे खेळावर देत नसे. तेव्हा 'अ‍ॅडव्हेंचर' ह्या खेळात वॉरन रॉबिनेट ह्यांनी एका लपलेल्या दालनात आपले नाव कोरून ठेवले, हे ह्या वर्गाचे प्रसिद्ध उदाहरण. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले, त्यांतही हेतुपुरस्सर गोपन आहेच; मात्र तेथे हेतू संप्रदायाबाहेरच्यापासून ग्रंथ राखण्याचा, तर येथे सापडण्याची वाट पाहण्याचा.

दुसरा वर्ग 'त्यक्त' अंशांचा. कर्त्याने आरंभिलेले पण पुढे सोडून दिलेले असे काही आज्ञावलीत तसेच राहून जाते. निन्टेंडोने १९८९ साली काढलेल्या 'टेट्रिस'च्या कॅसेटमध्ये दोघांनी खेळावयाच्या प्रकाराचे अर्धवट अवशेष आहेत. खेळणाऱ्यास ते कधी दिसत नाहीत. हा खोडलेल्या ओळीचा प्रकार होय. त्यावरून कर्त्याच्या विचाराचा क्रम कळतो, परंतु तो सिद्ध कृतीचा भाग मानणे चुकीचे ठरेल. विष्णु सीताराम सुखठणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संहितेत न घेतलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत क्रमवार नोंदविले. त्यक्त अंशांविषयी हाच विवेक योग्य आहे : नोंद पूर्ण करावी, संहितेत मिसळू नये.

तिसरा वर्ग सर्वांत कमी चर्चिला गेलेला, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. त्याला 'सापेक्ष' अंश म्हणता येईल. हा अंश लपविलेला नसतो आणि टाकलेलाही नसतो. तो विशिष्ट प्रांतातच प्रकट होतो. सेगाच्या गेम गिअर ह्या हातातल्या यंत्रासाठी निघालेली 'पुयो पुयो'ची जपानी कॅसेट जपानबाहेरच्या यंत्रात घातली, तर तोच खेळ 'पझ्लो किड्स' ह्या नावाने व इंग्रजी मजकुरासह सुरू होतो. यंत्र आपण कोणत्या प्रांताचे आहोत ते सांगते आणि आज्ञावली त्याप्रमाणे आपली भाषा बदलते. ह्या नावाने हा खेळ पाश्चात्त्य बाजारात स्वतंत्रपणे आला नाही. म्हणजे एक संपूर्ण इंग्रजी पाठ जपानी कॅसेटच्या पोटात, त्या प्रांताची वाट पाहत राहिला. येथे 'गुप्त अंश' आणि 'प्रांतभेद' हे दोन वेगळे विषय उरतच नाहीत. जपानी यंत्रावर जे अप्रकट, ते परकीय यंत्रावर एकमेव प्रकट, आणि उलटही. पोथीच्या बाबतीत उत्तरेकडील व दक्षिणेकडील पाठपरंपरा दोन वेगळ्या पोथ्यांत सापडतात. येथे त्या एकाच पोथीत असून वाचकाचा प्रांत पाहून पान उलटते.

आता प्रत्यक्ष पाठभेदांकडे वळावयाचे. प्रथम नाव. 'पुयो पुयो' हा जपानीतील अनुकरणवाचक शब्द होय. मऊ, भरीव, हात लावताच डुचमळणाऱ्या वस्तूचा स्पर्श तो सुचवितो. हे ध्वनीचे अनुकरण नव्हे. स्पर्शाचे ध्वनीने केलेले अनुकरण आहे. मराठीत ह्या जातीच्या शब्दांची मुळीच वाण नाही : लिबलिबीत, लुसलुशीत, बुळबुळीत, गुबगुबीत ह्यांतील प्रत्येकाचा स्पर्श वेगळा आहे, आणि मराठी माणसास तो शिकवावा लागत नाही. इंग्रजीत ही संपत्ती त्या मानाने तोकडी. त्यामुळे १९९३ साली अमेरिकेत हा खेळ 'डॉक्टर रोबॉटनिक्स मीन बीन मशीन' झाला तेव्हा गोळ्यांचे 'दाणे' बनले, आणि १९९५ साली 'कर्बीज अ‍ॅव्हलांच' झाला तेव्हा त्यांचे 'थेंबळे' म्हणावे असे 'ब्लॉब' बनले. हाच दुसरा पाठ युरोपात 'कर्बीज घोस्ट ट्रॅप' ह्या तिसऱ्याच नावाने गेला. भाषा एकच इंग्रजी, पण प्रांत बदलताच शीर्षक बदलले. ह्यावरून पाठभेदाचे कारण नेहमी भाषाच असते असे नाही, हे ध्यानात येईल. पुढे पाश्चात्त्य आवृत्तींत 'पुयो' हा शब्द परत आला आणि २०१७ साली 'पुयो पुयो टेट्रिस' ह्या नावाने तो जपानी रूपातच विकला गेला. आरंभी अशक्य वाटलेला शब्द पाव शतकात परिचित झाला. अनुवादकांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे : वाचकास न समजणारा शब्द आणि वाचकास अजून न भेटलेला शब्द, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरा भेद संवादाचा. आर्केडमधील मूळ खेळात प्रत्येक सामन्यापूर्वी नायिका आर्ल नाद्या आणि तिचा प्रतिस्पर्धी ह्यांच्यात एक छोटा विनोदी संवाद घडतो. जपानीत ह्या प्रवेशांना 'मानझाइ'चे नाव आहे. मानझाइ म्हणजे दोघांनी उभे राहून करावयाचा हजरजबाबी संवाद. एकाने काहीतरी वेडेवाकडे बोलावे आणि दुसऱ्याने त्याला टोकावे. तमाशातील बतावणी ज्याने ऐकली आहे, त्यास ह्या रचनेचे मर्म सांगावे लागणार नाही. 'मीन बीन मशीन'मध्ये मूळ पात्रे काढून सॉनिकच्या दूरदर्शनवरील चित्रमालिकेतील खलपात्रे घातली गेली. तेरा प्रतिस्पर्ध्यांचा क्रम कायम राहिला. परंतु खेळणाऱ्याच्या बाजूला पात्रच उरले नाही. प्रतिस्पर्धी समोर येतो, धमकी देतो आणि जातो. उत्तर देणारे कोणी नाही. बतावणीतला सोंगाड्या काढून घेतला आणि दरडावणारा एकटा ठेवला, असा हा प्रकार आहे. 'कर्बीज अ‍ॅव्हलांच'ने पात्रे बदलली, पण दोघांचा संवाद राखला. म्हणून शब्दशः दोन्ही पाठ मूळापासून सारखेच दूर असले तरी रचनेच्या दृष्टीने दुसरा मूळास अधिक जवळचा आहे. पाठांचे नाते ठरविताना शब्दांच्या साम्यापेक्षा रचनेच्या साम्यास अधिक भार द्यावा, हे तत्त्व येथे स्पष्ट होते.

तिसरा भेद सर्वांत लहान आणि सर्वांत गंभीर आहे. प्रतिस्पर्ध्याकडून येऊन पडणाऱ्या त्या बिनरंगी गोळ्याचे नाव काय? जपानीत तो 'ओजामा पुयो'. 'जामा' म्हणजे अडथळा, व्यत्यय. शब्द मूळचा बौद्ध परिभाषेतला असून साधनेत विघ्न आणणाऱ्या दुष्ट शक्तीचा वाचक आहे. त्याच्या लेखनातील दुसरे चिन्ह संस्कृत 'मार' शब्दाच्या चिनी लिप्यंतरातून आलेले आहे. म्हणजे बुद्धाच्या तपात विघ्न आणणारा मार ह्या खेळात राखाडी गोळा होऊन पडत असतो. परंतु शब्दाचा व्यवहार येथेच संपत नाही. जपानी माणूस दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना हाच शब्द विनयाने उच्चारतो; 'आपणांस व्यत्यय आणतो आहे' असा त्याचा भाव. एकाच शब्दात विघ्न आहे आणि उंबरठ्यावरचा संकोचही आहे. खेळातील त्या गोळ्याचे तोंड पाहिले असता दोन्ही अर्थ त्यास शोभतात.

'कर्बीज अ‍ॅव्हलांच'ने ह्या गोळ्यास 'धोंडा' केले. अर्थ उथळ झाला, पण निरुपद्रवी राहिला. 'मीन बीन मशीन'ने मात्र त्यास 'रेफ्युजी बीन', म्हणजे 'निर्वासित दाणा', हे नाव दिले. अनुवादकाचा तर्क समजण्यासारखा आहे. त्या कथेत रोबॉटनिक हा दाण्यांच्या गावातील रहिवाशांना पकडून त्यांचे यांत्रिक गुलाम बनवितो; तेव्हा एका बाजूकडून निसटून दुसऱ्या बाजूस जाणारा दाणा तो निर्वासित, अशी कल्पना झाली असावी. ह्यात दुष्ट हेतू पाहण्याचे कारण नाही. परंतु नाव नियमात उतरले की त्याचा अर्थ कथा ठरवीत नाही, नियम ठरवितो. नियम काय सांगतो? हा दाणा परक्या बाजूकडून येतो. त्यास रंग नाही. तो आपल्या जातीच्या दाण्यांशीही जुळत नाही. स्वतःच्या बळावर तो काहीच करू शकत नाही. शेजारच्यांचे भले झाले तरच त्याची सुटका. तो जागा अडवितो, आणि त्याची संख्या वाढली की घर भरून घरधनी हरतो. ह्याहूनही विपरीत गोष्ट अशी की, दाण्यांची सुटका करण्यास निघालेला खेळाडूच निर्वासितांना शस्त्रासारखे शत्रूच्या अंगणात फेकतो. कथा ज्यास पीडित म्हणते, त्यास नियम ओझे म्हणतो. आणि खेळणाऱ्या मुलाच्या मनावर कथेपेक्षा नियमाचा संस्कार अधिक होतो, कारण कथा तो एकदा वाचतो व नियम शेकडो वेळा पाळतो.

येथे असा आक्षेप येईल की, नियम तर सर्व पाठांत तेच आहेत. 'विघ्न' म्हटले, 'धोंडा' म्हटले वा 'निर्वासित' म्हटले, तरी खेळ बदलत नाही. मग नावाचा एवढा ऊहापोह कशासाठी? बुद्धिबळातील घोड्यास कोणी घोडा न मानता केवळ अडीच घरांची चाल मानले तर तो डाव हरत नाही, हे खरे. ह्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. नावावाचून नियम चालतो; परंतु नियमावाचून नाव चालत नाही. 'निर्वासित' हा शब्द खेळात शिरताना आपला बाहेरचा अर्थ बरोबर आणतो आणि खेळातून बाहेर पडताना नियमाने चिकटविलेला अर्थ घेऊन जातो. धोंड्याच्या बाबतीत ह्या देवघेवीने कोणाचे नुकसान होत नाही. निर्वासिताच्या बाबतीत होते, कारण त्या नावाची माणसे जगात आहेत. अप्रकट अंशांचा शोध घेणाऱ्यांनी न वापरलेली चित्रे हुडकली. पण वापरात असलेल्या, सर्वांना दिसणाऱ्या शब्दातील हा अप्रकट अंश मात्र बहुधा अलक्षित राहतो. आज्ञावली उघडून तो सापडणार नाही. शब्दच उघडावा लागेल.

हा प्रश्न दूरदेशीचा वाटत असेल, तर तो मराठीत आणून पाहावा. समजा, हा खेळ नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावातील शाळकरी मुलांसाठी मराठीत आणावयाचा आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. मराठीशिवाय भिली, पावरी, मावची, अहिराणी व गुजरी येथे नित्य कानावर पडतात, आणि गुजरात व मध्य प्रदेश ह्या दोन राज्यांच्या सीमा जिल्ह्यास लागून आहेत. बारा कोसांवर भाषा बदलते ही म्हण येथे अतिशयोक्ती ठरत नाही. ह्याच जिल्ह्यात सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसे राहतात. महाराष्ट्रातील ३३ गावे त्या प्रकल्पाने बाधित झाली आणि अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरांतील अनेक कुटुंबे तळोदा व शहादा तालुक्यांच्या सपाटीवर वसविली गेली. अशा ठिकाणी 'निर्वासित' वा 'विस्थापित' हा अलंकार नव्हे. तो वर्गात शेजारी बसलेल्या मुलाच्या घरचा शब्द असू शकतो. राखाडी गोळ्यास ते नाव देऊन मुलांच्या हाती खेळ सोपविणे, म्हणजे त्या शेजाऱ्यास नियमाने ओझे ठरविणे होय.

मराठीतील ह्या शब्दकुलाचा अर्थक्रमही येथे पाहण्याजोगा आहे. 'निर्वासित' म्हणजे ज्याचा वास गेला तो. १९४७ नंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंधी बांधवांमुळे हा शब्द मराठीत घरोघरी पोहोचला. 'विस्थापित' शब्दात स्थान सुटल्याची नोंद आहे. 'धरणग्रस्त', 'प्रकल्पग्रस्त' ह्यांत 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. ग्रहणातील चंद्रास लावावयाचे हे विशेषण माणसास लागले आहे. ह्या तिन्ही शब्दांत माणसावर काय गुदरले ते सांगितले आहे; त्याने कोणास काय त्रास दिला ते नव्हे. 'उपरा' हा शब्द उलट बाजूने, म्हणजे आधीच्या रहिवाशाच्या नजरेने, बोलतो. म्हणून तोही येथे वर्ज्य. ओजामाच्या दुहेरी अर्थास जवळ जाणारा मराठी शब्द 'आगंतुक' हा दिसतो. त्यात न बोलावता येणे आहे, व्यत्यय आहे, आणि तरीही दारात आलेल्यास पाणी विचारण्याइतकी जागा आहे. बोलीत 'पाहुणे आले' म्हटले तरी तोच मिश्किल भाव साधेल. थोडक्यात, जपानी शब्दातील जे दोन पदर इंग्रजी पाठांत हरवले, ते मराठीत राखता येण्यासारखे आहेत.

हीच गोष्ट आर्लच्या बोलण्याविषयी म्हणता येईल. आर्ल ही मुलगी असून स्वतःचा उल्लेख 'बोकु' ह्या, सामान्यतः मुलगे वापरतात त्या, सर्वनामाने करते. इंग्रजीत 'मी'ला लिंग नाही, क्रियापदासही नाही. त्यामुळे हा विशेष तेथे पूर्ण लोपतो. मराठीत 'मी जाते' आणि 'मी जातो' ह्यांत भेद आहे. कोल्हापूरकडील मुली सहजपणे 'मी जातो', 'मी आलो' असे बोलतात, हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र तेथे ती बोलीची रीत आहे, बंडखोरी नव्हे; आणि नंदुरबारकडील मुलांच्या कानास तेच रूप निराळे वाटेल. म्हणजे एकाच मराठी पाठातील एकच क्रियापद कोल्हापुरास घरचे आणि कळसाडीस नवलाचे ठरेल. प्रमाणभाषेतला एकच पाठ सर्व महाराष्ट्रास पुरेल हे गृहीत धरणाऱ्यांनी ह्या उदाहरणाचा विचार करावा.

एकंदरीत 'पुयो पुयो'च्या पाठांविषयी निर्णय असा देता येईल : जपानी आर्केड पाठ हा आधारभूत पाठ होय, पण पुढील पाठ म्हणजे केवळ त्याचे विकार नव्हेत. 'पझ्लो किड्स' प्रांतभेद कॅसेटच्या पोटातच कसा वसतो ते दाखवितो, 'कर्बीज अ‍ॅव्हलांच' अर्थ गमावूनही रचना कशी टिकते ते दाखवितो, आणि 'मीन बीन मशीन' नियम एकही न बदलता अर्थ किती बदलता येतो ते दाखवितो. तुलनेचे कोष्टक मांडणाऱ्या विद्यार्थ्याने चित्रे, शीर्षके व पात्रे ह्यांच्या स्तंभांबरोबर आणखी एक स्तंभ ठेवावा : प्रत्येक नावापुढे त्याचा नियम लिहावा, आणि त्या नावाचे माणूस कोठे राहते का, ते पाहावे. तो स्तंभ भरल्याशिवाय पाठांची तुलना झाली असेल, परंतु समीक्षा झाली असे म्हणता येणार नाही.